वडवळच्या संजीवनी बेटावर

पावसाळा सरत आला की आपल्याकडे उत्तरा नक्षत्र लागते. साधारण १३ सप्टेंबरला ते सुरू होते आणि २६-२७ तारखेला हस्त लागेपर्यंत राहते. या तेरा-चौदा दिवसांत लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यात, वडवळ नागनाथ गावाजवळच्या एका माळावर माणसांची रीघ लागते. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात खुरपे. कोणी गुडघ्यासाठी आलेला, कोणी शुगरसाठी, कोणी लग्नाला आठ वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही म्हणून. शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातूनही माणसे येतात. या माळाला लोक संजीवनी बेट म्हणतात. उत्तरा नक्षत्रात इथल्या झाडपाल्याला जास्त गुण येतो, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे.

आमचे नांदेडचे छोटे मंडळ दरवर्षी याच दिवसांत तिथे जाते. मंडळाला कार्यालय नाही. विहाराच्या ओसरीवर आम्ही बसतो. एक शिक्षक, एक औषधाच्या दुकानात काम करणारे, एक नर्सताई, एक एस.टी.चे वाहक, पाच-सहा गृहिणी आणि हिशेब लिहायला मी. मी बी.कॉम. झालेला कारकून. वनस्पतीशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. मग हा माणूस झाडपाल्याच्या भानगडीत कसा पडला, असे वाचक बंधू-भगिनींना वाटेल. त्याचे कारण आमच्याच घरातले आहे आणि ते सांगितल्याशिवाय या प्रवासाचा अर्थ लागणार नाही.

माझी आत्या लातूरकडच्या एका खेड्यात दिली आहे. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही, पण रानातले पान न् पान तिला ओळखीचे. आमच्या लोकांना गावकुसाबाहेर राहावे लागले, गुरे, गवत, सरपण, बांध, नाला यांतच आयुष्य गेले. त्या सक्तीच्या वनवासातून आमच्या आज्या-पणज्यांनी जे ज्ञान मिळवले ते आत्याकडे आले होते. खोकल्याला अडुळसा, सुजेवर निर्गुडी, कापल्यावर दगडीचा पाला. बाळंतिणीला काय द्यायचे, वासराचे पोट फुगले तर काय करायचे, सारे तिला ठाऊक. पैसा कधी घेतला नाही. सवर्णांच्या वाड्यातूनही रात्री-अपरात्री तिला बोलावणे यायचे, आणि तिने दिलेला पाला वाटून प्यायला तेव्हा कोणाला विटाळ होत नसे.

तिचा थोरला मुलगा, माझा दादा, ट्रकवर ड्रायव्हर होता. २००९ च्या उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. आत्याने भुईआवळा वाटून ताकातून दिला. आठ दिवस झाले, उतार पडेना. मग दुसऱ्या गावच्या माणसाने कानात थेंब घातले. तिसऱ्याने तळहातावर सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्याने धुतला. पाणी पिवळे झाले. कावीळ उतरली म्हणून त्याने नारळ आणि एक्कावन्न रुपये घेतले. चुना आणि त्या सालीचा रस एकत्र आला की निरोगी माणसाच्या हातावरही पाणी पिवळेच होते, हे आम्हाला पुढे कळले. दीड महिना असा गेला. पोटात पाणी झाले तेव्हा दवाखान्यात नेले. रक्तात 'हिपॅटायटिस बी' निघाली, यकृत निकामी झाले होते. आठव्या दिवशी दादा गेला. वय तेहतीस. मागे वहिनी आणि दोन लेकरे.

त्यानंतर आत्याने पाल्याला हात लावणे सोडले. कोणी दारात आले तर ती म्हणायची, "मला काय बी कळत नाही. माझ्याकडं येऊ नका." चौदा-पंधरा वर्षे हेच. मंडळाचे काम आम्ही २०११ साली सुरू केले. तिला मी दरवर्षी बेटावर यायला सांगायचो, ती दरवर्षी नाही म्हणायची. २०२४ च्या सप्टेंबरात मात्र ती नांदेडला आमच्याकडे आली होती. मी पिशवी भरताना बघून म्हणाली, "मला पण ने. गुडघे चालतात तोवर एकदा बघून येते."

सहाची लातूर गाडी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. सकाळी सहाला आम्ही नांदेडच्या बसस्थानकावर जमलो. आत्याचे वय शहात्तर. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. त्यामुळे आमच्या सहलीत गृहिणींची संख्या वाढली, हे हिशेबनीस म्हणून मी नमूद करतो. पूर्वी नवरा यायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा. आता बायकोच येते, आणि घरात काढा उकळणारी तीच असते.

नांदेडहून लोहा, पुढे अहमदपूर, मग चाकूर. लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते, घोडे, गाढवे, उंट विकायला येतात. तिथेही झाडपाला आणि मुळ्या विकणारे कापड अंथरून बसतात. त्या यात्रेतही आमचे एक टेबल असते, त्याविषयी पुढे सांगतो.

अहमदपूर सोडले की दोन्ही बाजूंना सोयाबीन. शेंगा भरून पाने पिवळी पडू लागलेली. झाड म्हणून दिसते ते बांधावरचे कडुनिंब, बाभूळ, एखादे आंब्याचे. लातूर जिल्ह्यात जंगलाखाली एक टक्का जमीनही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सगळ्या देशाने पाहिले. अशा उघड्या-बोडक्या जिल्ह्यात औषधी वनस्पतींचे बेट उरले, हेच मुळात नवल आहे.

चाकूरला उतरून आम्ही दोन ऑटो केले. वडवळ नागनाथला रेल्वेचे छोटे स्टेशनही आहे. गावात नागनाथाचे देऊळ आहे म्हणून गावाला हे नाव. गावाबाहेर पडले की शिवारातून वर उठलेला माळ दिसतो. पिकांच्या मधोमध उंच उभा म्हणून 'बेट'.

दंतकथा आणि मुरूम

बेटावर पाऊल ठेवताच कोणीतरी गोष्ट सांगतेच. मारुती द्रोणागिरी पर्वत घेऊन चालला होता, त्याचा एक तुकडा इथे पडला. आमच्याबरोबर एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. दरवर्षी ते स्वखर्चाने येतात. त्यांनी त्या माणसाची चेष्टा केली नाही. खाली बसून मूठभर मुरूम उचलला आणि म्हणाले, "हे बघा, इथे नांगर चालत नाही. भोवतालची काळी जमीन शंभर वर्षे नांगरली, तणनाशक मारले, तिथली रानझाडे गेली. इथे नांगर आला नाही म्हणून ती राहिली. पर्वत कोणी आणून टाकायची गरज नाही."

मग मी विचारले, "आणि उत्तरा नक्षत्राचे काय?"

ते म्हणाले, "त्यात अनुभव आहे. जूनमध्ये उगवलेली झाडे सप्टेंबरात फुलावर येतात. फूल असले की झाड चुकत नाही. नुसत्या पानावरून भलभलती झाडे सारखी दिसतात. जुन्या माणसांनी ओळखायला सोपा काळ धरला, पुढे लोकांनी त्याला चमत्कार केले."

मला हे पटले. आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, आजीबाईचे सगळे खरे, डॉक्टर लुटारू. दुसरे म्हणते, झाडपाला म्हणजे सगळी अंधश्रद्धा. चौकशी न करता मान डोलावणे आणि चौकशी न करता नाक मुरडणे, दोन्हीत कष्ट वाचतात. बुद्धांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला सांगितले आहे.

विनयपिटकातली जीवकाची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत असते. राजगृहाचा जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूंनी परीक्षा म्हणून सांगितले, नगराभोवती एक योजनभर फीर आणि औषधी नसलेली वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परतला, तशी एकही सापडली नाही म्हणाला, आणि गुरूंनी त्याचे शिक्षण पुरे झाले असे सांगितले. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. सगळ्यांत औषध आहे हे जीवकाला कळले ते सात वर्षांच्या अभ्यासानंतर. आपण सात मिनिटांच्या मोबाइलवरच्या चित्रफितीवर काढा पितो.

आत्या पुढे, आम्ही मागे

सुरुवातीला आत्या एका दगडावर बसून राहिली. आम्ही तरवडाच्या पिवळ्या फुलांजवळ उभे राहून मुलांना नाव सांगत होतो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, ही कोणती?" प्राध्यापक वाकून पाहू लागले आणि मागून आवाज आला, "घेटुळी हाय ती. पुनर्नवा म्हणतेत शिकलेली माणसं." आत्या उठली होती. मग ती जी पुढे निघाली ती दोन तास थांबली नाही. माका, आघाडा, भुईरिंगणी, सराटा, टाकळा, आंबुशी. पान चुरगळून वास दाखवायची, देठ मोडून चीक दाखवायची. प्राध्यापक प्रत्येकाचे शास्त्रीय नाव सांगत होते आणि मी दोन्ही नावे वहीत उतरवत होतो.

"काय लिहूलालास रे बाबू?"

"तू सांगतेस ते सगळं लिहूलालाव, आत्या."

"मेल्यावर कामाला येईल म्हण," असे म्हणून ती हसली. पंधरा वर्षांत पाल्यावरून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

एका ठिकाणी एक तरुण जोडपे खुरप्याने जमीन उकरत होते. वर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले. आत्या धावतच गेली. "सोड ते! कळलावी हाय ती." त्यांना कोणीतरी ताकदीचा कंद म्हणून सांगितले होते. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचे विष असते. गाउटसारख्या सांधेदुखीवरचे औषध म्हणून डॉक्टर ते अगदी मोजून देतात. कंद खाल्ला तर उलट्या, जुलाब होतात आणि माणूस दगावतो. बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून हिचे नाव कळलावी. त्या नावाखाली किती बाया दगावल्या असतील याची नोंद कुठे नाही. त्या जोडप्याने कंद खाली टाकला. आत्याने त्यांना हात धुवायला लावले.

आमच्या नर्सताईंनी मुलांना तिथेच रांगेत उभे करून सांगितले की गुंजेचे बी, धोतऱ्याचे बी, कळलावीचा कंद आणि बिब्ब्याचे तेल यांच्याशी खेळायचे नाही. बिब्ब्याने कातडी भाजते हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असते, तरी कमरेला बिब्बा लावून फोड आलेली बाई त्यांच्या आरोग्य केंद्रात दरवर्षी येतेच.

गुळवेलीपाशी गर्दी सर्वांत जास्त. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. वाद काही असो, घरच्या माणसाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे असते आणि खोडाची पातळ साल कागदासारखी सुटते. खोडावर चामखिळीसारख्या गाठीच गाठी असतील तर ती वेल घेऊ नये. आणि वेल खरी असली तरी ज्याला यकृताचा आजार आहे किंवा ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पिवळ्या डोळ्यांचा मुलगा

दुपारी माळाच्या उतारावर आम्ही भाकरी सोडली. शेजारी एक मजूर बाप-लेक बसले होते. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, डोळे हळदीसारखे. बापाने एका विकणाऱ्याकडून काविळीची मुळी घेतली होती, वर भुईआवळा शोधत होता. आत्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला ओळखू येतो म्हणतेत. एवढा दाखवा."

आम्ही सगळे गप्प झालो. आत्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. थोड्या वेळाने ती उठली, दहा पावलांवर जाऊन भुईआवळ्याचे रोप उपटून आणले, पान उलटे करून खालचे बारीक आवळे दाखवले. म्हणाली, "हाच तो. खोटा नाही. माझ्या लेकाला मी हाच दिला होता." मग तिने सारे सांगितले. डोळे पिवळे झाले तो दिवस, कानातले थेंब, चुन्याचे पाणी, दवाखान्यातले आठ दिवस. पंधरा वर्षांत घरातही ती इतके बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "पाला खोटा नव्हता बाबा. आजार दुसरा होता. मला काय ठावं? तू उद्या ह्या पोराचं रक्त तपास. मग काय द्यायचं ते दे."

नर्सताईंनी चिठ्ठीवर तपासण्यांची नावे लिहून दिली आणि सरकारी दवाखान्यात कुठे विचारायचे ते सांगितले. २८ जुलै २०१८ पासून केंद्र शासनाचा विषाणूजन्य काविळीचा कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात 'बी' आणि 'सी' काविळीची तपासणी व उपचार मोफत आहेत. दादाच्या वेळी हे नव्हते. आता आहे, पण माहीत नसेल तर असून नसल्यासारखे.

इथे थोडे समजून घ्यायला हवे. कावीळ हा एक आजार नाही, अनेक आजारांचे एक लक्षण आहे. घाण पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत कोणी कानात थेंब घातले काय आणि कोणी गंडा बांधला काय, गुण त्याच्याच नावावर जमा होतो. रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होणारी 'बी' कावीळ मात्र काहींच्या शरीरात घर करून बसते. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी डोळे पिवळेच होतात, आणि गरोदर बाईला झालेली 'ई' कावीळ जिवावर बेतते. वरून सगळे एकच दिसते. आत काय आहे ते रक्तच सांगते.

भुईआवळ्यावर मोठ्या शास्त्रज्ञांनीही आशा ठेवली होती. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की भुईआवळा दिलेल्या अनेक रुग्णांच्या रक्तातून 'बी' विषाणूची खूण नाहीशी झाली. त्या लेखात 'बी' विषाणू शोधून काढणारे आणि १९७६ चे नोबेल मिळवणारे ब्लुम्बर्ग यांचेही नाव होते. पण पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही. शास्त्रज्ञांनी तेही छापले. आत्याला मी हे घरी येताना सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे एवढी शिकलेली माणसं बी फसली." मी म्हटले, "फसली आणि मग तपासून बघितली, आत्या." ती काही बोलली नाही, पण खिडकीतून बाहेर बघत माझा हात धरून बसली.

ज्ञान कोणाचे आणि नोंद कोणाची

झाडपाल्यातून खरी औषधे निघाली आहेत. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडले. अडुळशातल्या द्रव्यावरून बेतलेले ब्रोमहेक्सिन आज खोकल्याच्या बाटलीत असते. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातल्या एका नोंदीचा धागा धरून हिवतापावरचे औषध शोधले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. यात दोन पायऱ्या आहेत. आधी कोणीतरी पाला ओळखला, मग कोणीतरी तो तपासला. चरकसंहितेतही म्हटले आहे की रानातल्या वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, मेंढपाळ, वनात राहणारे यांना ठाऊक असतात, पण नाव-रूप कळले म्हणजे औषध देणे कळले असे होत नाही. पहिली पायरी बांधणारे गुराखी आणि रानातली माणसे. पण पुस्तकावर नाव आले ते दुसऱ्यांचे.

म्हणून मी नोंदीचा आग्रह धरतो. कारकुनाचा स्वभाव म्हणा. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिले गेले. आपल्या नांदेड-हिंगोलीच्या शेतात पिकणारी, आपल्या आयांनी पिढ्यान् पिढ्या कापल्यावर भरलेली हळद! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ते रद्द झाले कारण जुने लिखित पुरावे दाखवता आले. आत्याच्या डोक्यात जे आहे त्याचा पुरावा कोण दाखवणार?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही करायची सोय केली आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आमच्या गावची नोंदवही दाखवा. ती भरताना कोणाला विचारले, हेही विचारा. पाटलाच्या ओसरीवर बसून भरली असेल तर वैदूची, आंध-गोंडांची, आमच्या वस्तीतल्या म्हातारीची माहिती तिच्यात आलेली नसणार. किनवट-माहूरकडच्या आदिवासी पाड्यांत तर हे काम आजच झाले पाहिजे. तिथली जाणती माणसेही आता थकली आहेत.

वर्षभराचा हिशेब

मंडळाचे काम सांगायचे तर थोडकेच. जूनमध्ये शासकीय रोपवाटिकेतून रोपे आणून वस्तीत वाटतो. अडुळसा, गवती चहा, तुळस, कोरफड, शेवगा. १४ एप्रिलला हारांवर होणाऱ्या खर्चातून काही रक्कम या रोपांसाठी बाजूला काढायची, हा ठराव पास करायला आम्हाला तीन वर्षे लागली. सप्टेंबरात बेट. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत टेबल, त्यावर कुंड्या आणि एक फलक. एक वर्ष आमच्या टेबलाकडे कोणी फिरकले नाही, समोरच्या माणसाकडे सांधेदुखीच्या पुड्यांना रांग होती. तशा पुड्यांत कुटून मिसळलेले स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणे अनेक ठिकाणी झाली आहेत. दोन दिवसांत आराम पडतो, आणि वर्षभराने हाडे ठिसूळ होतात, शुगर वाढते. शुगर, कर्करोग, वंध्यत्व बरे करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे फलकावर लिहायला आम्ही त्या वर्षीपासून सुरुवात केली.

साप-विंचवाबद्दल मात्र आम्ही चर्चा ठेवत नाही, सरळ सांगतो. साप चावला तर मुळी नाही, पाला नाही, मंत्र नाही. चावलेला भाग हलू न देता गाडी करून दवाखाना गाठायचा. सर्पविषावरची लस दवाखान्यातच मिळते. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडे करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे पटापट मरत, त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सिद्ध केला आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. हे डॉक्टर आपल्याच मराठवाड्यातल्या, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरीब घरातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट आम्ही मुलांना जीवकाच्या गोष्टीनंतर लगेच सांगतो.

एक तक्रार बेटाबद्दलही आहे. माणसे औषध नेतात ते मुळासकट. शतावरी, मुसळी यांचे कंद फूल गळून बी पडायच्या आत उकरले जातात. तेरा दिवसांत हजारो हात लागले तर पुढच्या वर्षी काय उगवणार? आमचा नियम असा की बेटावरून पान, फोटो आणि माहिती न्यायची, मूळ न्यायचे नाही. रोप हवे असेल तर रोपवाटिकेतून. २०२५ पासून शासनाने आयुर्वेद दिनाची तारीख २३ सप्टेंबर अशी कायम केली आहे. ती नेमकी उत्तरा नक्षत्रातच येते. त्या दिवशी भाषणांबरोबर बेटावर दोन पहारेकरी आणि एक जाणता माणूस बसवला तर जास्त उपयोग होईल, असे आमच्यासारख्यांना वाटते.

राहिली त्या मुलाची गोष्ट. तीन आठवड्यांनी त्याच्या बापाचा नर्सताईंना फोन आला. रक्त तपासले होते. 'ए' कावीळ निघाली, पाण्यातून झालेली. मुलगा बरा होऊन कॉलेजला जाऊ लागला. बाप म्हणाला, "मावशीला सांगा, त्यांनी दिलेला पाला लागू पडला." नर्सताईंना हसावे की रडावे कळेना. मी आत्याला निरोप दिला. ती म्हणाली, "त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. रक्त तपासलं ना? झालं तर."

दादाच्या मृत्यूनंतर वहिनीची आणि लेकरांची तपासणी झाली होती. तिघेही त्यातून सुटले होते, तिघांना लस दिली. २०११ पासून देशभर बाळांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. आपल्या घरात बाळंतपण असेल तर पेढे वाटायच्या आधी हे विचारा.

आत्याची वही आता दोनशे पानांची झाली आहे. डाव्या पानावर तिचे नाव आणि तिचा उपयोग, उजव्या पानावर प्राध्यापकांनी दिलेले शास्त्रीय नाव आणि सावधगिरी. भुईआवळ्याच्या पानावर तिने मला स्वतः सांगून एक ओळ लिहायला लावली : आधी रक्त तपासा. येत्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा जाऊ. ज्यांच्या घरी अशी जाणती म्हातारी असेल त्यांनी तिला बरोबर घेऊन यावे. तिचे तिकीट लागत नाही.